दादीचा सरोता

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की मी अडकित्त्यांपाशी रेंगाळतो. नंदुरबारला माझी दादी ज्यानं सुपारी कातरायची, त्याला आम्ही घरी सरोता म्हणायचो.

दिनकर केळकर स्वतः कवी. ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला घेतल्या. दिवे, दौती, वज्री, वाद्यं, दरवाजे. लोक मोडीत काढत होते आणि हे गृहस्थ मोडीतून वेचत होते. कोथरूडचा मस्तानी महाल तर त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभा केला! लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथं सुमारे २० हजार वस्तू आहेत.

पण जमवणं हे अर्धंच काम. कोणत्याही संग्रहात वस्तूला क्रमांक मिळतो, मग धातू, माप, कुठून आली, केव्हा आली हे लिहितात. घडवणाऱ्याच्या नावाचा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो, कारण विकणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं.

आमच्या जिल्ह्यात काठीच्या होळीला बावा-बुध्या मोरपिसांचे उंच टोप घालून नाचतात. उद्या असा टोप कुणी संग्रहात नेला, तर बांबू, मोरपीस, उंची एवढ्यावर भागणार नाही. तो बांधणाऱ्याचं नाव, गाव, होळीआधी पाळलेलं व्रत, त्याच्या बोलीतला टोपाचा शब्द, हे सारं माणूस समोर आहे तोवर विचारून घ्यायला हवं.

दादीचा सरोता माझ्याकडे आहे. तो कुणी घडवला, हे मी तिला कधी विचारलं नाही.