वर्धा जिल्ह्यांतील नगरांची सनद

नगराची सनद म्हटली म्हणजे संग्राहकाच्या डोळ्यांपुढें शिक्कामोर्तब केलेला एक कागद उभा राहतो. मद्रासेस तसा कागद इ. स. १६८७ मध्यें मिळाला व त्याच्या बळावर पुढील वर्षीं तेथें मेयर व आल्डरमन यांचें मंडळ बसलें. पेशव्यांच्या मुलखांत नवी पेठ वसवितांना शेटेमहाजनांस कौल देत. तोहि एका परीनें सनदच होय. वर्धा जिल्ह्यांतील एकाहि नगरास इंग्रजी अमलांत असा एकच मूळ कागद मिळालेला नाहीं. येथील सनद कायद्यांच्या कलमांत, सरकारी गॅझेटांतील जाहिरातींत व कमिट्यांच्या ठरावबुकांत विखुरलेली आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं ती तशी विखुरलेली असली तरी सनद आहे. आणि तिचें मूळ कचेरींत नसून बाजारपेठेंत आहे.

याचा पुरावा नगरांच्या क्रमांतच सांपडतो. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत वारले व त्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ त मध्यप्रांत झाला, आणि १८६२ त नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील भाग तोडून वर्धा जिल्हा केला. त्याचें मुख्य ठाणें प्रथम पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. १८६६ त पालकवाडी नांवाच्या खेड्याची जागा सपाट करून तेथें आंखीव रस्त्यांचें नवें गांव बसविलें व त्यास नदीवरून वर्धा हें नांव दिलें. कलेक्टर-कचेरी, तुरुंग, खजिना हें सर्व तेथें आलें. दुसऱ्याच वर्षीं नागपुराकडे जाणारा लोहमार्गहि याच बाजूनें सुरू झाला. इतकें असतां म्युनिसिपल कमिटी वर्ध्यास आली ती १८७४ सालीं. हिंगणघाट व आर्वी या जुन्या पेठांत ती अगोदरच होती. राजधानी मागें व पेठा पुढें, हा उलटा क्रम कां?

आमच्या मतें याचें उत्तर जकात हें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) येथील कापसास जो भाव आला त्यानें हिंगणघाटचें नांव मँचेस्टरपर्यंत गेलें. जेथें माल येतो, गाड्या थांबतात व सावकाराची गादी असते, तेथें नाका बसवितां येतो. आणि नाक्याचें उत्पन्न असलें म्हणजे तें खर्चण्यास कमिटी लागते. आंखून दिलेल्या नव्या गांवीं रस्ते व गटारें सरकारच करीत होतें. तेथें कमिटीची निकड भासली नसावी.

या ठिकाणीं जुन्या कागदांच्या अभ्यासकास 'पांढरी' हा शब्द आठवेल. गांवाची जमीन ती काळी व वस्तीची जागा ती पांढरी. काळी न कसणाऱ्या वाणी, कोष्टी, सोनार अशा लोकांवर भोसल्यांच्या अमलांत जो कर होता त्यास पांढरी हेंच नांव होतें, आणि इंग्रजांनींहि तो याच नांवानें पुढें चालविला. म्हणजे शेतसाऱ्याहून निराळी अशी नगराची करयोग्यता इंग्रजांनीं नव्यानें शोधून काढलेली नव्हे. त्यांनीं नवें केलें तें इतकेंच कीं करदात्यांपैकीं कांहींजणांस खर्चाच्या वेळीं मेजाभोंवतीं बसविलें. तें 'इतकेंच' लहान मात्र नव्हे.

आरंभीं परप्रांतांसाठीं केलेले कायदे येथें लावून काम भागवीत. मध्यप्रांताचा स्वतःचा म्युनिसिपल कायदा १८७३ चा. वर्ध्याची कमिटी त्याच्या दुसऱ्याच वर्षाची आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानें बिनसरकारी सभासदांचें संख्याबळ वाढवावें व शक्य तेथें अध्यक्षहि बिनसरकारी असावा, असें धोरण सांगितलें. त्यास अनुसरून या प्रांतांत १८८३ चा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. त्यांत लोकल बोर्डाचे कांहीं सभासद गांवोगांवच्या मुकादमांच्या मतानें यावयाचे होते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जुन्या गांवगाड्यांतील माणूस येथें नव्या कारभाराचा मतदार झाला. त्यापुढें नगरांसाठीं १८८९, १९०३ व १९२२ असे कायदे झाले. पहिल्या दोहोंत सरकारचा हात सुटला नव्हता. १९२२ च्या कायद्यानें मताधिकार रुंदावला आणि अध्यक्ष निवडण्याचा अधिकार कमिटीकडे आला.

संग्राहकांस एक सूचना येथेंच करणें अवश्य आहे. वर्धा नदीच्या पलीकडील वऱ्हाड १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाताखालीं होतें व तेथें १८८६ चा निराळा म्युनिसिपल कायदा होता. यास्तव आर्वीची पावती व नदीपलीकडील गांवची पावती एका बस्त्यांत बांधलेली आढळली तरी तीं दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांचीं अपत्यें समजावींत.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यांत सांगतों. १९४८ त मध्यप्रांत व वऱ्हाडांत जिल्हा कौन्सिलें जाऊन तहशीलवार जनपद सभा आल्या. प्रयोग धाडसाचा होता, पण जिल्हा मोडून तहशील उभी करण्यास लागणारा पैसा तिच्यापाशीं नव्हता. १९५६ त हा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. १९६२ त जनपद सभांच्या जागीं जिल्हा परिषद व पंचायत समित्या आल्या. नगरांस १९६५ चा महाराष्ट्राचा नगरपालिका-कायदा लागू झाला. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरांचें स्वराज्य प्रथमच राज्यघटनेंत आलें. नगराध्यक्ष थेट लोकांनीं निवडावा कीं नगरसेवकांनीं, हा नियम मात्र २००१ पासून अनेकदां पालटला आहे. आणि १९९९ त राज्यांतील नगरपालिकांची जकात बंद झाली; ज्या नाक्यानें कमिटी जन्मास घातली तो नाका उठला, कमिटी मात्र सरकारी अनुदानावर राहिली. आज जिल्ह्यांत वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव, देवळी व सिंदी या सहा नगरपरिषदा आहेत. शिवाय कारंजा, आष्टी, समुद्रपूर व सेलू येथें नगरपंचायती आहेत.

आमच्या वर्गांत मोडी रुमालाचा मान मोठा, आणि तो योग्यच आहे. परंतु भोसल्यांच्या कमाविसदाराचें एक पत्र मिळालें तर त्यावर लेख होतो, व कमिटीचें ठरावबुक रद्दीच्या तराजूंत जातें, हें उचित नव्हे. जकातीच्या पावत्या, नाक्यांचीं नांवें असलेलीं पानें, मतदारांच्या छापील याद्या, सभासदांच्या सह्यांचीं ठरावबुकें : या चार प्रकारच्या कागदांवरच वर वर्णिलेली सनद लिहिलेली आहे. ज्यांच्या घरीं पूर्वजांपैकीं कोणी कमिटीवर किंवा लोकल बोर्डावर होते त्यांनीं जुन्या पेट्या उघडून पाहाव्यात, आणि पावती सांपडल्यास तिच्यावरील नाक्याचें नांव, मालाचा प्रकार व साल हीं तीन टिपून मगच ती फडक्यांत बांधावी.