किल्लारीनंतरचा दुकानदार

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांची भूमी हादरली. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी ही नावे महाराष्ट्राच्या घरोघर पोहोचली. या भूकंपाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मृतांविषयी, अनाथ बालकांविषयी, शेतकऱ्यांविषयी. गावच्या किराणा दुकानदाराविषयी, शिंप्याविषयी, सुताराविषयी, पिठाच्या गिरणीवाल्याविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे. ‘आपत्तीची पूर्वतयारी’ हा शब्दप्रयोग आज शासकीय परिपत्रकांतून सरसकट आढळतो. ती तयारी या छोट्या व्यावसायिकाच्या उंबरठ्यापर्यंत कितपत पोहोचली, हे आम्ही येथे पाहू इच्छितो.

पूर्वसूचना मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या परिसरात लहान-लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा. पुढे ते ओसरले आणि त्यांच्याबरोबर भयही ओसरले. नकाशाही दिलासा देणाराच होता. १९८४ च्या भारतीय मानकानुसार हा प्रदेश भूकंपाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत असे. (२००२ मध्ये हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.) नकाशानेच निर्धास्त केल्यावर दुकानदाराने कशाची तयारी करावी?

शिवाय त्याचे दुकान म्हणजे त्याचे घरच. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर चढविलेली नवी माती, आणि हा सारा भार पेलणाऱ्या, दगडमातीत रचलेल्या रुंद भिंती. उन्हाळ्यात असे घर गारवा देते, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. परंतु भिंतीच्या आतील व बाहेरील दगडांना एकत्र बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. हादऱ्यासरशी दोन्ही थर फुटून वेगळे होत आणि माळवद खाली येई. पुढची खोली दुकानाची, मागची निजण्याची. एका क्षणात दोन्ही गेल्या. माल गेला तो गेलाच, पण गावचा व्यवहार उधारीवर चालतो. सुगी झाली की हिशेब मिटवायचा, तोवर वही हीच दुकानदाराची तिजोरी. ती वही ढिगाऱ्याखाली, आणि ज्यांच्या नावे ती लिहिली त्यांतले कित्येक जण त्याच ढिगाऱ्याखाली. अशा येण्याचा दावा कोणाकडे मांडायचा? मांडावा तरी का? नुकसानीच्या कोणत्याही पंचनाम्यात या रकमेला रकाना नसतो.

नंतरचे पुनर्वसन हे देशातील फार मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय, याविषयी शंका नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम चालला. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. मात्र घर किती मोठे द्यावयाचे हे शेतजमिनीवरून ठरले. भूमिहीन व अत्यल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्या शेतकऱ्यास ७५०. हिशेब सोपा होता, पण आमच्या मते त्यात एक मोठी चूक दडलेली होती. कारागीर आणि लहान दुकानदार हे बहुधा भूमिहीन. ज्याला घरातच मशीन, भाता वा मालाची पोती ठेवायची, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. नवी गावेही ऐसपैस आखली गेली. जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा, सरळ रुंद रस्ते. पूर्वी पाराकडे जाता-येता सारा गाव दुकानापुढून जाई. ती वर्दळ कोणत्याही आराखड्यात दाखविता येत नाही.

दुसरीकडे, ज्या हजारो गावांत घरे मूळ जागीच दुरुस्त व मजबूत करावयाची होती, तेथे वेगळे घडले. काम मालकानेच करून घ्यायचे होते. त्यासाठी स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. भिंतीत आरपार दगड कसा बसवावा, काँक्रीटचा पट्टा कोठे द्यावा, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, हे त्या शेजारणीला समजावून सांगू लागल्या. पुढे याच स्त्रियांमधून बचत गट उभे राहिले आणि त्यांतून लहान धंद्यांना भांडवल मिळू लागले. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथील स्त्रियांशी बोलावयास गुजरातेत गेल्या. पूर्वतयारीचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपत्ती दर वेळी जमिनीखालूनच येते असे नाही. २०१६ साली लातूर शहराचे पाणीच संपले. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी १० वाघिणी घेऊन आली. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या. रसवंतीवाला, खाणावळवाला, परीट यांचा धंदा पाण्यावर, आणि घरच्या हंड्यापुढे त्यांच्या गरजेचा क्रमांक नेहमीच शेवटचा. नांदेडची गोष्ट याच्या उलट. तेथे गोदावरी उशाशी आहे, आणि भय आहे ते पुराचे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणले, जिल्ह्याचा आराखडा सक्तीचा केला. विम्याची कथा निराळी. दीर्घकाळ अग्निविम्यात भूकंपाचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागे, आणि ‘आपल्याकडे कुठला भूकंप’ म्हणून दुकानदार ते सोडून देई. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली. एका ठिकाणची ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी असलेल्या या पॉलिसीत आग, पूर आणि भूकंप हे तिन्ही मुळातच अंतर्भूत आहेत. उधारीची वही मात्र तीतही बसत नाही. तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे काम.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला, हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड शहरातही जाणवले. दोन्ही वेळा बाजारपेठ उघडायची होती.