आरोग्यशालेचे दार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात शब्दांच्या कुळकथा सांगत. म्हणून मीही एका शब्दापासून आरंभ करतो. आपल्या ग्वाल्हेरात १९३५ साली, संस्थानी काळात, मनोरुग्णांसाठी जी संस्था उभी राहिली, ती आज ‘मानसिक आरोग्यशाला’ या नावाने ओळखली जाते. किती प्रसन्न शब्द! पण टांगेवाला ‘पागलखाना’ म्हणे आणि आमच्या मराठी घरांत ‘वेड्यांचे इस्पितळ’ याखेरीज दुसरा शब्द नव्हता. तोही मुलांना दटावण्यापुरता.

कायद्याची भाषा याहून फारशी निराळी नव्हती. १९१२ च्या इंग्रजी कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे चंद्राच्या कलेने येणारे वेड होते. दंडाधिकाऱ्याने रुग्णाला आत पाठवावे कसे, आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहावी, याचा त्यात तपशीलवार विचार आहे. घरच्या माणसांचा उल्लेख येतो तो अर्जदार म्हणून किंवा मालमत्तेचे राखणदार म्हणून. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालला. १९८७ साली नवा कायदा झाला, पण अमलात यायला १९९३ उजाडले.

मला सांगायचे आहे ते या राखणदारांविषयी, म्हणजे आपल्याविषयी.

माझी एक आत्या होती. मी दहा-बारा वर्षांचा असताना तिला दूरच्या एका शहरातील रुग्णालयात ठेवले. ‘आत्या कुठे आहे?’ असे विचारले की आजोबा म्हणत, ‘सासरी.’ पुढे घरातील मुलींची स्थळे पाहताना तिचे नाव गाळले जाऊ लागले. काही वर्षांनी तेथून पत्र आले, की रुग्ण आता बरी आहे, येऊन घेऊन जावे. कोणीही गेले नाही. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. पत्र मी स्वतः वाचले होते. मीही गेलो नाही. ती तेथेच वारली.

आमच्या घरी हे घडण्यापूर्वीच अमृतसरला वेगळा प्रयोग झालेला होता. तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांजवळ राहायला बोलावले. आजाराचे स्वरूप त्यांना तेथेच समजावले जाई. सेवा करता करता त्यांची भीती ओसरे, आणि रुग्णाला घरी नेणे सोपे होई. १९५७ साली वेल्लोरलाही घरच्यांना बरोबर ठेवून उपचार सुरू झाले. खर्च म्हणाल तर कनातींचा! तरीही देशातील बहुतेक मनोरुग्णालयांच्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. रांची, आग्रा आणि आपले ग्वाल्हेर येथील संस्थांवर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले, आणि २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत होरपळून मेले.

आता २०१७ चा कायदा आहे. त्याने साखळदंडांना मनाई केली आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क रुग्णाला दिला. त्याचे एकोणिसावे कलम वाचताना मी थांबलो: कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही संस्थेत ठेवून घेता येणार नाही. आत्याचे सारे प्रकरण त्या एका वाक्यात मावते.

परंतु बाहेर आल्यावर जायचे कोठे? निवारागृहे अपुरी आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांविना होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०२२ साली ‘टेलिमानस’ची दूरध्वनिसेवा आली, तिचा क्रमांक १४४१६. पण रोजंदारी बुडवून दर महिन्याला रुग्णाला औषधासाठी नेणारी आई किंवा पत्नी या योजनांत कोठे आहे? तिला थोडी विश्रांती मिळावी, तिचा प्रवासखर्च सुटावा, आजार पुन्हा उलटतो आहे हे ओळखायला तिला कोणी शिकवावे. अमृतसरच्या तंबूंत यातील शेवटची गोष्ट तरी होत होती.

आजोबांच्या पश्चात त्यांची पेटी उघडली, तेव्हा ते पत्र जपून ठेवलेले सापडले. पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने त्या शहराच्या गाडीची वेळ टिपून ठेवली होती.