गुजरींतील सोनार आणि कोल्हापुरी साज

अंबाबाईच्या देवळांतून बाहेर पडलेल्या यात्रेकरूंचीं पावलें बहुधा गुजरीकडे वळतात. सराफांच्या या पेठेंत कोल्हापुरी साज पुष्कळांनीं पाहिला असेल. पण तो घडविणाऱ्याचें नांव विचारणारा विरळाच. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यांत सही करतो, शिल्पकार पुतळ्याखालीं आपलें नांव कोरतो. साजाची नोंद होते ती पेढीच्या वहींत, आणि तेथें असतात गिऱ्हाइकाचें नांव, सोन्याचा कस व वजन.

परंपरेप्रमाणें साजांत २१ पानें असतात. त्यांपैकीं १० दशावतारांचीं, ८ अष्टमंगळांचीं, २ माणिक व पाचू यांचीं आणि उरलेलें १ ताइताचें, असा हिशेब सांगतात. मासा, कासव, शंख, कमळ यांची संगति या हिशेबांत लागते. पण कारलें आणि भुंगा यांचें काय? कारल्याचा अवतार कोणत्याहि पुराणांत सांपडावयाचा नाहीं. हीं पानें पोथींतून आलीं नसून परसांतल्या मांडवावरून आलीं असावींत, आणि कारागिराची स्वतंत्र नजर ओळखावयाची ती अशा ठिकाणींच.

त्याची घडणहि मोठी युक्तीची आहे. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर आकृति उठवावयाची, पाठीमागची बाजू झाळून बंद करावयाची आणि मग आंतल्या पोकळींत लाख भरावयाची. लाखेच्या आधारामुळें पत्रा चेपत नाहीं, आणि थोड्या सोन्यांत दागिना भरदार दिसतो. जेथें ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा, तेथें एकेका गुंजेचा विचार करावा लागे. पुढें पानें आणि मणी गुंफण्याचें काम पटवेकऱ्याचें. म्हणजे साज एका हाताचा नव्हेच.

ही सारी कला सोन्याच्या मऊपणावर उभी आहे, आणि घाव बसला तो नेमका तेथेंच. चीनबरोबरच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्यें, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले व १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. २४ भागांत २२ भाग सोनें असलेला पत्रा ठशावर सहज बसतो; १४ भागांचा पत्रा कठीण होतो आणि त्याची पिवळी झळाळीहि उतरते. गिऱ्हाइकानें पाठ फिरविली. देशभर सहस्रावधि सोनारांचे हात रिकामे झाले, आणि कित्येकांनीं जीव दिला. सोन्याचा मोह आवरावा हा हेतु कितीहि चांगला मानला, तरी त्याची किंमत ज्यांच्या घरीं सोनें सांठलेलें नव्हतें त्यांनीं मोजली. कॅरटची अट १९६६ सालीं उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला.

जवळच हुपरी येथें चांदीचें काम चालतें. पैंजणाचा एकच जोड अनेक घरांतून फिरत पुरा होतो. कोणी तार ओढतो, कोणी झाळतो, कोणी उजळा देतो. शाहू महाराजांच्या काळांत कोल्हापुरांत जातवार वसतिगृहें निघालीं, त्यांत दैवज्ञ समाजाचेंहि एक होतें. भात्यापाशीं बसणारीं मुलें तेथून शाळेंत जाऊं लागलीं.

२०२१ पासून शासनमान्य छाप असलेल्या प्रत्येक सुवर्णालंकारावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक उमटूं लागला. त्यावरून विकणारी पेढी, तपासणी केंद्र आणि सोन्याचा कस कळतो. घडविणाऱ्याच्या नांवाला त्यांत जागा ठेविलेली नाहीं.