ब्रेकच्या रबराचा शतकभराचा प्रवास

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे दौंड-मनमाड लोहमार्गावरचे गाव. मुलूख सपाट, घाट नाही, उतार नाही. तेव्हा सायकलच्या ब्रेकची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि गळीत हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जात असतात. अशा रस्त्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाला चार-पाच मीटरांत थांबता आले पाहिजे. ते कशाच्या जोरावर, हे आपण पाहू.

मुलगा, सायकल व दप्तर मिळून ७० किलो वस्तुमान ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ६०० ज्यूल भरते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, म्हणजे २४०० ज्यूल. थांबताना ही बहुतेक सारी ऊर्जा ब्रेकचे रबर आणि चाकाची रीम यांच्या घर्षणातून उष्णता होऊन जाते. हे घर्षण कोठे घडवायचे आणि त्यासाठी दाब कसा पोचवायचा, या दोन प्रश्नांभोवती ब्रेकचा इतिहास फिरतो.

सुरुवातीच्या सायकलींत चमच्याच्या आकाराची पट्टी थेट टायरवर दाबत असत. भरीव टायरला ते चालून जाई. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. तो अशा घासण्याने लवकर झिजू लागला. म्हणून घर्षणाची जागा हळूहळू रीमवर आली. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचे दांड्यांचे ब्रेक याच पिढीतले. १९५१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलास आणि १९५६ मधल्या हिरो या कारखान्यांनी अशा सायकली गावोगावी पोचवल्या. यात दांड्या ओढल्या की रबरे रीमच्या आतल्या, तारांकडच्या बाजूवर वर दाबली जातात. ही रचना दणकट. पण सांधे झिजले की ब्रेकमध्ये ढिलाई येते आणि पावसात पोलादी रीम ओली झाली की पकड फारच कमी होते.

दांडीला पर्याय शोधला बाउडेन यांनी. त्यांचे पेटंट १८९६ चे. नळीतून जाणारी वायर वाकड्या वाटेनेही ओढ पोचवते. येथे बाहेरची नळी हे केवळ आवरण नव्हे. वायर जेवढी ओढली जाते, तेवढाच उलटा दाब नळी सोसते. म्हणून नळी दबलेली किंवा आत गंज असेल, तर नवे रबर घालूनही ब्रेक लागत नाही.

पुढचे वळण अमेरिकेतले. कॅलिफोर्नियातील मरिन भागात १९७६ पासून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटेने उतरण्याच्या शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे व पायडल उलटे दाबले की लागे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. पुढे खास डोंगरासाठी बांधलेल्या सायकलींना कॅन्टिलिव्हर ब्रेक बसवले गेले. यात चिमट्याच्या दोन्ही पायांवर एकेक बाहू असतो. दोन्ही बाहूंना जोडणारी आडवी वायर मधून वर ओढली की रबरे रीमवर दाबली जातात.

दोरीवर मध्यभागी ओले धोतर टांगून पाहा. दोरी जितकी सपाट, तितका तिच्यातला ताण अधिक. आडव्या वायरीचेही तसेच. क्षितिजसमांतर रेषेशी तिचा कोन ४५ अंश असेल, तर प्रत्येक बाजूचा ताण ओढीच्या ०.७ पट असतो. ३० अंशांवर तो ओढीइतका होतो. मात्र जोर वाढला की रबराची हालचाल तेवढी घटते, आणि रबर नीट दाबण्याआधीच लिव्हर हँडलला टेकू शकते. तरफेचा हा नियम चुकवता येत नाही.

१९९६ मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक बाजारात आणला. त्याचे बाहू लांब, म्हणून त्याला वायर जवळपास दुप्पट खेचावी लागते. जुन्या कॅन्टिलिव्हरची लिव्हर त्याला जोडली, तर ती हँडलला टेकते आणि ब्रेक अपुरा लागतो. उलट व्ही-ब्रेकची लिव्हर कॅन्टिलिव्हरला जोडली, तर ती हाताला घट्ट लागते, पण पकड कमी पडते. दोन्ही जोड्या दिसायला बिनचूक असतात. धोका आहे तो इथेच.

जुनी सायकल दुरुस्त करताना क्रम असा ठेवावा. आधी रीमचा आऊट काढावा, मग रबरे जुळवावीत आणि शेवटी वायर ताणावी. रबराचे पुढचे टोक सुमारे एक मिलिमीटर आधी टेकले, तर किंचाळणे थांबते. कॅन्टिलिव्हरचे रबर झिजत गेले की ते रीमवर खाली सरकते आणि शेवटी तारांत घुसू शकते. म्हणून ते टायरला न लागेल इतपत वर बसवावे. मुख्य वायर तुटल्यास आडवी वायर पुढच्या खडबडीत टायरवर पडून चाक जाम होऊ शकते. मडगार्ड किंवा परावर्तकाची पट्टी तिला अडवते. ती काढून टाकू नये.

आज डिस्क ब्रेक आले असले, तरी जुन्या सायकली धावतच आहेत. विज्ञानाच्या एका तासात मैदानावर खडूची रेघ ओढावी, प्रत्येकाने तेथे ब्रेक लावावा आणि अंतर मोजावे. मग रीमवर थोडे पाणी टाकून तेच पुन्हा करावे. घर्षणाचा पाठ तर होईलच, शिवाय कोणाची सायकल दुरुस्तीला न्यायला हवी, हेही त्याच तासाला कळेल.