गारवा कोणाच्या सीटला?

आमच्या संग्रामपूर तालुक्यात मे महिन्याच्या दुपारी शहाणा माणूस मोटारसायकल उन्हात उभी करत नाही. करावीच लागली, तर सीटवर बारदान ओले करून टाकतो. वरवट बकालच्या फाट्यावर, सोनाळ्याच्या आणि पातुर्ड्याच्या बाजारात अशी ओली पोती अंगावर घेतलेल्या गाड्या कुठेही दिसतात. पारा ४४-४५ अंशांवर गेला की काळे रेक्झिन तव्यासारखे तापते. त्याच वेळी शहरातल्या शोरूममध्ये 'व्हेंटिलेटेड सीट' नावाची सोय लाखांच्या गाडीसोबत विकली जाते. सीटच्या आत पंखे असतात आणि बटण दाबले की पाठ गार होते.

ओले बारदान आणि ही सीट यांच्यामागचे शास्त्र जवळजवळ एकच आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. माठातले पाणी याच कारणाने गार होते, आणि वऱ्हाडच्या कोरड्या हवेत कूलर चालतो पण मुंबईच्या दमट हवेत चालत नाही, तेही याच कारणाने. शास्त्र इतके जुने आणि साधे असताना, वाहनात बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत हा गारवा पोहोचायला इतका काळ का लागला? आणि पोहोचला तेव्हा तो कोणाच्या पाठीपर्यंत पोहोचला? हा प्रश्न यंत्राचा कमी आणि माणसांचा जास्त आहे, असे मला वाटते.

सुरुवात वाळ्यापासून करू. उर्दूत ज्याला आपण खस म्हणतो तो वाळा, म्हणजे एका गवताची सुगंधी मुळे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या मुळांची नोंद केली आहे. बांबूच्या सांगाड्यावर खस बसवून, त्यावर पाणी मारून गार खोल्या तयार करण्याचे श्रेय तो अकबर बादशहाला देतो. तोफेच्या दारूत आग पेटवणारा सोरा बादशहाच्या पाणीखान्यात पाणी थंड करण्यासाठी वापरला जाई, हेही तो कौतुकाने सांगतो. पुढे वाळ्याचे तट्टे सरदारांच्या हवेल्यांत, मग इंग्रजांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत आले. प्रवासातल्या पालख्यांनाही ते बांधले जाऊ लागले. पालखीत बसलेल्याला ओल्या वाळ्यातून गाळून आलेली हवा मिळे. खांद्यावर दांडी घेतलेल्या भोयांना मिळे ती फुफाट्याची.

तट्टा आपोआप ओला राहत नाही. त्यावर पाणी मारणारा माणूस लागतो. तो होता भिश्ती, पाठीवर चामड्याची मशक घेतलेला पाणक्या. हा शब्द फारसीतल्या 'बिहिश्त'वरून, म्हणजे स्वर्गावरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला माणूस, असा त्यामागचा भाव. नाव स्वर्गाचे, पण काम दिवसभर उन्हात उभे राहून दुसऱ्याची खोली गार ठेवण्याचे. भिश्त्याला मानाची सीट मिळाल्याचा एकच प्रसिद्ध किस्सा आपल्या इतिहासात आहे. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडता बुडता एका भिश्त्याच्या मशकीच्या आधाराने वाचला. त्याची परतफेड म्हणून बादशहाने त्याला थोड्या वेळापुरते तख्तावर बसवले. बाकी सगळे भिश्ती तट्ट्याच्या बाहेरच राहिले.

गरीब आणि मध्यम शेतकऱ्याचे वाहन म्हणजे बंडी, आणि लग्नसराईत दमणी. तिथे सोय घरचीच असे. उन्हाळ्यात दमणीवर टप, खाली कडबा आणि त्यावर वाकळ. थंडीत हाच कडबा खालून येणारा गारठा अडवायचा. कोरड्या पेंढ्यात अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, हे कुणी पुस्तकात वाचलेले नव्हते, पण बंडी जुंपणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. आणि बहुतेक वेळा बंडी हाकणारा तिचा मालकच असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी कंपनीचा मार्ग भुसावळहून वऱ्हाडात शिरला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आमच्या बाजूची स्टेशने त्याच मार्गावरची. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही शाखा सुरू झाली, ती खामगावच्या कापूस बाजारासाठी. रूळ टाकले गेले ते मुख्यतः गाठींसाठी. माणसे त्यासोबत गेली.

वऱ्हाडचा उन्हाळा साहेबाला सोसवेना. १८७२ च्या सुमारास जीआयपीने पहिल्या वर्गाच्या डब्यांत हवा गार करण्याची व्यवस्था सुरू केली. पुढच्या काळातल्या काही डब्यांत खिडकीत वाळ्याची गोल चकती बसवलेली असे. तिचा खालचा भाग पाण्याच्या पन्हळीत बुडालेला असायचा. प्रवाशाने मूठ फिरवली की कोरडा भाग पाण्यात जाई आणि ओला भाग वर येई. गाडीच्या वेगाने आत शिरणारा वारा त्या ओल्या वाळ्यातून येई. अकबराचा खसखाना आता चाकांवर धावू लागला होता, आणि भिश्त्याचे काम एका मुठीवर आले होते.

त्याच कंपनीच्या त्याच दशकातल्या दुसऱ्या टोकाचे डबे पाहा. सर्वांत स्वस्त वर्गाच्या डब्यांत काही काळ बाकच नव्हते. लोक फरशीवर आपल्या गाठोड्यावर बसून जात. एकाच इंजिनामागे एक डबा असा होता की ज्यात सीटवर बसलेल्याला वाळ्याची झुळूक मिळे, आणि एक असा की ज्यात सीटच नव्हती. आणि सर्वांत पुढे, भट्टीसमोर, ड्रायव्हर आणि कोळसा टाकणारा फायरमन. उन्हाळ्यात वऱ्हाडातून जाताना त्यांच्या अंगावर किती आच येत असेल, याचा अंदाज भट्टीजवळ काम केलेल्यालाच येईल.

१९३४ मध्ये मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यातले तंत्र ऐकून आज हसू येईल. डब्याच्या तळाशी बंद पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवत आणि पंख्याने त्यांच्यावरून हवा आत सोडत. बर्फ वितळला की वाटेतल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरायच्या. इथेही गारव्याचा हिशेब तोच. आत बसणारा एक आणि बाहेर लाद्या उचलणारा दुसरा.

आता जरा युरोप-अमेरिकेकडे पाहू, कारण तिथला प्रश्न उलटा होता. तिथे माणूस गाडीत गारठून जाई. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रेल्वेत पायाखाली ठेवायला गरम पाण्याचे चपटे पत्र्याचे डबे मिळत. ते निवले की स्टेशनावर बदलून घ्यायचे. १८८० च्या आसपास इंग्लंडच्या एका रेल्वे कंपनीने त्यात पाण्याऐवजी सोडियम ॲसिटेट भरले. हा क्षार घट्ट होताना साठवलेली उष्णता हळूहळू सोडतो, त्यामुळे डबा जास्त वेळ ऊबदार राही.

मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीच्या अनेक श्रीमंती गाड्यांत मालक मागे बंद कक्षात बसत आणि शोफर पुढे उघड्यावर, पावसा-थंडीत. १९४० च्या पॅकार्ड गाडीत कारखान्यातूनच वातानुकूलन यंत्र बसवून मिळू लागले. ते यंत्र डिकीत होते आणि गार हवा मागच्या सीटच्या पाठीमागून येई. म्हणजे गारवा आधी मागच्या सीटला मिळे.

पण महायुद्धानंतर तिकडे चित्र बदलले. सामान्य माणूस स्वतःची गाडी स्वतः चालवू लागला. जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्ड यांच्या सीट गरम करण्याच्या कल्पनेला १९५५ मध्ये पेटंट मिळाले आणि १९६६ च्या कॅडिलॅकमध्ये अशी सीट जादा पैसे देऊन मिळू लागली. काही वर्षांतच, १९७१ च्या सुमारास, स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या गाडीत विजेवर गरम होणारी सीट दिली, आणि ती चालकाची सीट होती! या क्रमाकडे नीट पाहिले की एक नियम दिसतो. ऊब काय किंवा गारवा काय, तो पुढच्या किंवा मागच्या सीटमागे जात नाही. तो मालकामागे जातो. मालक मागे बसला तेव्हा सोय मागे होती, मालक पुढे येऊन स्टिअरिंग धरून बसला तेव्हा सोय पुढे आली.

सीट गार करण्याचे तंत्र त्यानंतरचे. १९९७ मध्ये आलेल्या साब ९-५ गाडीत छिद्रे असलेल्या सीटखाली पंखे बसवलेले होते. हे पंखे हवा बर्फासारखी थंड करत नाहीत. पाठ आणि सीट यांच्यामध्ये कोंडलेली दमट हवा ते हलवतात, त्यामुळे घाम सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता नेतो. म्हणजे इथे वाळ्याचा तट्टा आपली कातडी, आणि मशकीतले पाणी आपलाच घाम.

इ.स. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या लिंकन नेव्हिगेटर या गाडीत पेल्टियर पद्धतीची सीट आली. ज्याँ पेल्टियर हे मूळचे फ्रान्समधले घड्याळजी. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली की जोडाची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे त्यांना १८३४ मध्ये आढळले. विजेची दिशा उलटवली की थंड बाजू गरम होते. त्यामुळे एकच सीट हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देऊ शकते.

भारतात मध्यम किमतीच्या गाड्यांत ही सोय २०१७ च्या ह्युंदाई व्हर्नाने आणली. पंखे पुढच्या दोन सीटमध्ये होते. दोन वर्षांनी किया सेल्टॉस आली, मग इतर कंपन्या आल्या. आपला मध्यमवर्गही आता गाडी स्वतः चालवतो. नियम इथेही तोच, म्हणून सोय पुढे.

मग जिथे चालवणारा मालक नाही तिथे काय? आमच्या जिल्ह्यातून जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जातो. सुरत ते कोलकाता मालाची वाहतूक त्यावरून होते. माझ्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांचे वडील, मामू, भाईजान ट्रकवर आहेत. ट्रक ड्रायव्हर, क्लिनर, गॅरेजवाला, सीटचे कुशन भरणारा हे धंदे आपल्या समाजाच्या घराघरात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या पिंजारी-मन्सुरी घरांतली काही मुले आज फोम कापून गाड्यांच्या सीट शिवतात. गारवा तयार करणारे आणि सीट भरणारे हात बहुतेक आपलेच, आणि तापलेल्या सीटवर बसणारी पाठही आपलीच.

आपल्याकडे वर्षानुवर्षे ट्रक नुसता चॅसिस म्हणून विकला जाई आणि केबिन स्थानिक बॉडीवाला लाकूड-पत्र्याची बांधून देई. इंजिनचा उंचवटा ड्रायव्हरच्या शेजारीच. खालून इंजिनची आच, वरून पत्र्याची, समोरून काचेतून येणारे ऊन. त्यावर इलाज म्हणजे खिडकीला लावलेला ओला टॉवेल, पाठीखाली लाकडी मण्यांचे कव्हर आणि हवेसाठी उघडा दरवाजा. मण्यांचे कव्हर पाठ आणि रेक्झिन यांच्यात हवा खेळती ठेवते. लाखांच्या गाडीतला पंखा हेच तर करतो. गरिबाने शास्त्र न शिकता उपाय शोधला होता. मालकाने मात्र तो शोधला नव्हता, कारण घाम त्याला येत नव्हता.

म्हणूनच २०२३ च्या डिसेंबरमधील अधिसूचना मला महत्त्वाची वाटते. केंद्र सरकारने २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या नव्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले. मागणी ड्रायव्हरांची, गरज ड्रायव्हरांची, पण बाजाराने ती आपणहून पुरवली नाही. कायद्याला मध्ये यावे लागले. अकबराच्या खसखान्यापासून मोजले तर, मालक नसलेल्या चालकाच्या सीटला गारवा मिळालाच पाहिजे असे हुकमाने सांगण्याची आपल्याकडची ही पहिली मोठी वेळ म्हणावी लागेल.

पण नियम फक्त नव्या गाड्यांना आहे. आज रस्त्यावर असलेले ट्रक अजून कित्येक वर्षे धावतील, आणि नव्या ट्रकमधला एसीही डिझेल वाचवण्यासाठी बंद ठेवायला सांगणारे मालक निघतील. आपल्यातही दोन-चार ट्रक बाळगणारे ट्रान्सपोर्टवाले आहेत. त्यांना एवढेच सांगायचे आहे की जुन्या केबिनमध्ये एसी बसवणे परवडत नसेल, तरी छताला आतून उष्णतारोधक थर, इंजिनच्या उंचवट्यावर जाड आच्छादन आणि सीटवर बॅटरीवर चालणारे पंख्याचे कव्हर बसवता येते. असा पंखा फार थोडी वीज खातो. हे काम आपलेच कुशनवाले करून देतील, त्यांनाही चार पैसे मिळतील.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. ती आपण पगाराच्या तारखेपुरती धरून बसलो. बारा-बारा तास गाडी हाकणाऱ्या माणसाचा घाम गाडीतच सुकावा याची व्यवस्था करणे, हाही त्याच्या मजुरीचाच भाग आहे. जुन्या काळी भिश्ती खोलीच्या बाहेर उभा राहायचा. आपल्या ड्रायव्हरला तरी तसे बाहेर ठेवू नये.