'टू' आणि 'इंग' यांची वंशावळ

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास केव्हां ना केव्हां दोन याद्या पाठ कराव्या लागतात. 'वाँट', 'होप', 'डिसाइड' यांच्यापुढें 'टू' घेऊन येणारें रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह, योजावयाचें; 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांच्यापुढें 'इंग' हा शेवट असलेलें जेरंड. असें कां, हें विचारल्यास 'तसा प्रघात आहे' एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. परंतु प्रघातालाहि पूर्वज असतात. ते पाहिले म्हणजे या याद्यांतील बराचसा लहरीपणा नाहींसा होतो, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वींच्या इंग्रजींत 'लिहिणें' या अर्थीं 'व्रीतान' असें एकच पद असे. त्यास 'टू'ची गरज नव्हती. 'टू' हें केवळ दिशा दाखविणारें अव्यय होतें. क्रियेचा उद्देश सांगावयाचा झाल्यास मात्र त्या पदास चतुर्थीचा प्रत्यय लावून 'तो व्रीतान्ने', म्हणजे 'लिहिण्याकडे', असें म्हणत. आपल्या 'लिहावयास' या रूपांतहि चतुर्थीचाच 'स' आहे, हें साम्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरें रूप मूळचें नाम. 'लेओर्नुंग' म्हणजे शिकणें, विद्या. त्यास क्रियापदाप्रमाणें कर्म घेतां येत नसे. वर्तमान धातुसाधिताचा प्रत्यय 'एन्दे' हा तर निराळाच होता. पुढें मध्ययुगांत प्रत्यय झिजले. 'व्रीतान'चा शेवट गळाला आणि 'टू' उद्देश सोडून क्रियारूपाची नुसती खूण बनला. इकडे 'एन्दे'ची जागा हळूहळू 'इंग'नेंच घेतली, आणि सुमारें चौदाव्या शतकापासून त्या जुन्या नामास कर्म घेण्याची संवय जडली. अर्धें नाम, अर्धें क्रियापद असें जेरंड जन्मास आलें तें असें.

तरी पूर्वसंस्कार अगदींच पुसले गेले नाहींत. इच्छा, आशा, निश्चय हे पुढें पाहतात. त्यांस दिशा दाखविणारा 'टू' मानवतो. उपभोगावयाचें, टाळावयाचें किंवा संपवावयाचें तें वस्तूप्रमाणें समोर असावें लागतें. तेथें नामाच्या कुळांतलें जेरंड शोभतें. 'ही स्टॉप्ट टॉकिंग' म्हणजे त्यानें बोलणें थांबविलें. 'ही स्टॉप्ट टु टॉक' म्हणजे तो बोलावयास थांबला. आपल्या भाषेनेंहि येथें एकदां नाम व एकदां चतुर्थीच योजिली आहे.

परंतु मूळ कळलें म्हणजे नियम हातीं आला, असें मात्र नव्हे. 'सजेस्ट' पुढचें सुचवितो, तरी जेरंड घेतो. 'मॅनेज' साधलेलें सांगतो, तरी 'टू' सोडीत नाहीं. पंडितांचेंहि एकमत नाहीं. १९२६ मधील आपल्या कोशांत फाउलर यांनीं 'हिज गोइंग' असेंच लिहावें, 'हिम गोइंग' नको, असा निर्बंध घातला. त्याच वर्षीं डेन्मार्कचे येस्पर्सन यांनीं नामांकित लेखकांचे दाखले देऊन त्यास विरोध केला.

आणि भाषा तर अजूनहि चालतेच आहे. एकोणिसाव्या शतकांतले चांगले लेखक 'अॅकस्टम्ड टु सी' असें निःशंकपणें लिहीत. आज तेथें 'टु सीइंग' रूढ झालें आहे. जुने ग्रंथ आवडीनें वाचणाऱ्या एखाद्या मुलानें उत्तरपत्रिकेंत पहिला प्रयोग केला तर त्यावर तांबडी रेघ ओढली जाईल. ती ओढण्यास आमची हरकत नाहीं. परीक्षा आजच्या भाषेची असते. मात्र ओढणाऱ्यानें त्या मुलास, 'हें चुकीचें आहे' असें न सांगतां 'हें आतां जुनें झालें' असें सांगावें. पहिल्या उत्तरानें मूल यादी पाठ करील. दुसऱ्यानें कदाचित् भाषेचा अभ्यास करूं लागेल.